पहिला कोण? क्लोंडाइकचं सोनं आणि आपला सातबारा

मालकी कुणाची, हा प्रश्न आज आपण सोन्याच्या एका गोष्टीतून समजून घेऊ. गोष्ट कॅनडाच्या उत्तर टोकाची आहे, पण ती बल्लारपुरात बसून ऐकण्याला कारण आहे.

ऑगस्ट १८९६ मध्ये क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात एका ओढ्यात तिघांना सोनं सापडलं. जॉर्ज कार्मॅक हा अमेरिकन, त्याचा मेहुणा स्कूकम जिम आणि जिमचा भाचा चार्ली. जिम आणि चार्ली टॅगिश आदिवासी. सोनं आधी जिमला दिसलं, असं टॅगिश लोक सांगतात. पण सरकारी दप्तरात शोधकर्ता म्हणून नाव लागलं ते कार्मॅकचं. रीत अशी, की ओढ्याकाठी खुंट ठोकायचे आणि कचेरीत जाऊन नोंद करायची. शोधकर्त्याला दोन पट्टे, बाकीच्यांना एकेक.

जुलै १८९७ मध्ये ही बातमी जहाजांबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली आणि अंदाजे एक लाख माणसं निघाली. वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय पोलीस हद्दीत घेत नसत. म्हणजे सामान जवळजवळ एक टन! ते पाठीवरून थोडं थोडं न्यायचं, म्हणून तोच बर्फाळ घाट कित्येक वेळा चढायचा. पोचले तीस-चाळीस हजार. तोवर चांगले ओढे नोंदले गेले होते. आलेल्यांपैकी पुष्कळांना दुसऱ्याच्या पट्ट्यावर मजुरी करावी लागली. डॉसन हे गाव दोन वर्षांत तीस हजारांच्या घरात गेलं. १८९९ मध्ये अलास्कात नोमला सोनं असल्याची बातमी आली, तशी हजारो माणसं तिकडे पळाली. १९०२ पर्यंत डॉसनमध्ये पाच हजारही उरली नाहीत.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. सतराव्या शतकातला जॉन लॉक म्हणतो, निसर्गात माणूस आपले श्रम मिसळतो म्हणून वस्तू त्याची होते. पण त्याने एक अट घातली आहे : इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. क्लोंडाइकात उशिरा आलेल्यांसाठी असं काय उरलं?

आणि ‘पहिला’ तरी कोण? क्लोंडाइक जिथे युकॉनला मिळते, तिथे हान लोक पिढ्यान्‌पिढ्या सामन मासा धरत होते. गर्दी वाढली तसे ते १८९७ मध्ये नदीच्या खाली मूसहाइडला गेले. श्रम त्यांचेही होते, फक्त त्यांचा खुंट दप्तरात नव्हता. त्यांच्या वारसांशी कॅनडा सरकारचा जमिनीबाबतचा करार झाला तो थेट १९९८ मध्ये.

म्हणजे दप्तर ज्याला पहिला म्हणतं तोच पहिला. आपल्याकडे हेच दप्तर सातबाऱ्याचं आहे.

वर्धा खोऱ्यात काळं सोनं निघालं. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली, बल्लारपूरची चालू राहिली. इथे कुणी खुंट ठोकला नाही, कारण कोळसा आधी सरकारचा, मग ज्याला दिला त्या कंपनीचा आणि १९७३ पासून पुन्हा सरकारचा. तेलंगण, उत्तर प्रदेश, बिहार, छत्तीसगड इथून माणसं आली ती नोकरीला. म्हणूनच आपल्या गावाला ‘मिनी इंडिया’ म्हणतात. पण खाणीसाठी जमीन जाते तेव्हा मोबदला सातबारा बघून ठरतो. तिथे मोहफुलं वेचणाऱ्या, गुरं चारणाऱ्या माणसाचे श्रम कुठल्या रकान्यात बसतात, सांगा बघू!

हा रकाना करता येतो, बरं का. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वापर आधीपासून होताच, नोंद मात्र तेव्हा झाली.

आज त्याच जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं. त्याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकुरदेव आहे, यात्रा भरते. तिथे रोजगार हवाच, त्यावर वाद नाही. पण कोणी रोजगाराचा आकडा सांगितला, की आपण एवढं विचारावं : पहिला कोण, हे कुठल्या दप्तरात बघून ठरवलं?