अंतःकरणाचा उपवास

टोकियोतल्या एका घरात वडील कागदावर शाईने एकच अक्षर लिहीत आणि लहान मुलापुढे ठेवत. मुलाने त्या अक्षराकडे टक लावून बसायचं. काही वेळाने कागद उचलला जाई. आता तेच अक्षर मनात पाहायचं. ते लख्ख दिसू लागलं की तेही सोडून द्यायचं आणि अक्षरामागे जे जितंजागतं आहे, तिकडे वळायचं. जपानीत त्या अक्षराला ‘कोकोरो’ म्हणतात, चिनीत ‘शिन’. हृदय आणि मन दोन्ही त्यात येतात; आपला ‘अंतःकरण’ हा शब्द त्याला सर्वांत जवळचा.

तो मुलगा म्हणजे तोशिहिको इझुत्सु (1914–1993). पुढे तो अरबी शिकला आणि कुराणाचा थेट अरबीतून जपानी अनुवाद केला. 1966–67मध्ये त्याचा सूफी आणि ताओ विचारांची तुलना करणारा ग्रंथ दोन खंडांत निघाला. एकीकडे स्पेनमधल्या मुर्सियात 1165मध्ये जन्मलेला आणि 1240मध्ये दमास्कसला देह ठेवणारा इब्न अरबी. दुसरीकडे त्याच्याही दीडएक हजार वर्षं आधीच्या चीनमधले लाओत्से आणि चुआंगत्से. या दोन परंपरांची इतिहासात कधी गाठ पडली, असा इझुत्सुचा दावा नाही. कोणी कोणाकडून उचललं, हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्याने आधी दोन्ही दर्शनं स्वतंत्रपणे मांडली आणि मगच ती शेजारी ठेवली.

शेजारी ठेवल्यावर पहिलं साम्य दिसतं ते नावापाशी. लाओत्सेच्या 81 प्रकरणांच्या ग्रंथाची सुरुवातच ही आहे की, ज्याला नाव देता येतं ते अंतिम नव्हे. इब्न अरबीही परमसत्याची एक अशी पातळी मानतो, जिथे ‘अल्लाह’ हे नावसुद्धा पोचत नाही. नावं, गुण, रूपं ही सगळी त्यानंतरची. तिथून सृष्टी उमलते ती श्वासासारखी. इब्न अरबी तिला परमदयाळूचा निःश्वास म्हणतो. चुआंगत्सेला वाऱ्यात पृथ्वीचा श्वास ऐकू येतो आणि डोंगरातल्या झाडांची भोकं, ढोल्या त्या श्वासाने बासरीसारख्या वाजू लागतात.

पण मला या तत्त्वचर्चेहून जास्त ओढ लागते ती साधनेची, कारण साम्याची खरी कसोटी तिथे लागते.

चुआंगत्सेच्या ग्रंथात यान हुई हा शिष्य गुरू कन्फ्यूशियसकडे येतो आणि सांगतो, माझी प्रगती होते आहे. कसली? तर तो विसरत चालला आहे. आधी दया आणि न्याय विसरला, मग विधी आणि संगीत. शेवटी म्हणतो, आता मी बसतो आणि सगळंच विसरतो. हातपाय गळून पडतात, बुद्धी मागे राहते. हे ऐकून गुरूच शिष्याला म्हणतो, मला तुझ्या मागून येऊ दे. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी हाच गुरू याच शिष्याला अंतःकरणाचा उपवास शिकवतो. पोटाचा नव्हे, मनाचा: आतला साठा रिकामा करायचा, म्हणजे तिथे ताओला, त्या निनावी अंतिम सत्याला, जागा होते.

सूफी साधकाची वाट याच्या अगदी उलट टोकापासून निघते. त्याची साधना म्हणजे ‘जिक्र’, स्मरण. एकच नाव श्वासाश्वासाला घ्यायचं, इतकं की बाकीचं सारं गळावं, आणि शेवटी नाव घेणाराही उरू नये. या विरून जाण्याला ‘फना’ म्हणतात. आपल्या ‘फन्ना उडवणे’त हाच शब्द आहे. एक विसरत विसरत रिता होतो, दुसरा आठवत आठवत. अंतःकरणाला अरबीत ‘कल्ब’ म्हणतात. या शब्दाच्या धातूतच उलटणं, पालटणं आहे. इब्न अरबी त्याचा अर्थ असा लावतो: परमसत्य क्षणाक्षणाला नव्या रूपात प्रकटतं आणि ज्ञान्याचं अंतःकरण त्याच्यासोबत पालटत राहतं. भरलेल्या अंतःकरणाला हे जमणार नाही.

इझुत्सुने जी भेट अभ्यासिकेत घडवली, ती चीनमध्ये माणसांनी प्रत्यक्ष जगली होती. तिथल्या मुसलमान विद्वानांनी सतराव्या शतकापासून आपला धर्म चिनी भाषेत मांडायला घेतला. वांग ताइयूचा ग्रंथ 1642चा. नानजिंगच्या ल्यू झीने कन्फ्यूशियन ग्रंथ आठ वर्षं, अरबी सहा, बौद्ध तीन आणि ताओपंथी एक वर्ष अभ्यासल्याचं स्वतःच नोंदवलं आहे. मग त्याने जामी या फारसी सूफीचा ‘लवाइह’ हा ग्रंथ चिनीत नेला.

परमेश्वराचं सूफींना प्रिय असलेलं नाव ‘अल-हक्क’, म्हणजे सत्य. या विद्वानांनी त्यासाठी ‘झन्’ हे अक्षर धरलं. चुआंगत्सेच्या पूर्णपुरुषाच्या नावातही, ‘झन्रन’मध्ये, हेच अक्षर आहे. चीनमध्ये मुसलमानी खाणावळीच्या पाटीवर आजही जो ‘छिंगझन्’ शब्द असतो, त्याचा अर्थ शुद्ध आणि सत्य. त्यातलं दुसरं अक्षरही हेच.

तरी हे विद्वान ‘सगळं एकच’ म्हणून मोकळे झाले नाहीत. वांगने ताओपंथीयांवर स्पष्ट टीका केली. ज्या एकातून अनेक निघतं, ते एक त्याच्या मते दुसऱ्या पायरीवरचं. खरा एक त्याच्याही पलीकडचा, सृष्टीचा कर्ता. हा फरक वरवरचा नाही. ताओ प्रेषित पाठवत नाही आणि त्याच्याकडे कोणी क्षमा मागत नाही. सूफी मात्र विरून गेल्यावरही परततो आणि पाच वेळा नमाजाला उभा राहतो. ज्याला आठवायचं असा कोणीतरी त्याच्यासाठी आहे. विसरणाऱ्या यान हुईला तशा कोणाची गरज नाही.

चीनमधल्या शीआन शहरातल्या मोठ्या मशिदीत चिनी आणि इस्लामी हे दोन्ही एकत्र पाहायला मिळतं. तिची आजची बांधणी मुख्यतः मिंग राजवटीच्या काळापासूनची. अंगणामागून अंगण, चिनी छपरं, पण सारी वास्तू पश्चिमेला, मक्केकडे तोंड करून. मधोमध मिनाराच्या जागी तीन मजली अष्टकोनी चिनी मनोरा आहे. त्याचं नाव ‘शिंगशिन लोउ’: अंतःकरण तपासण्याचा मनोरा. त्या नावातलं ‘शिन’ म्हणजे टोकियोतल्या त्या मुलापुढे कागदावर लिहिलेलं अक्षर.