क्रांती चौकात घोडा न्यायचा आहे? आधी घरी त्याचा विश्वास कमवा

छत्रपती संभाजीनगर : शिवजयंतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात, गावाकडचा घोडा क्रांती चौकात महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर आला की ढोल, फटाके, डीजे अन् गर्दी एकदमच अंगावर येते. घोडा म्हणजे पळून जीव वाचवणारं जनावर. धरणाऱ्यावर भरवसा नसेल तर तो उधळतो. आजूबाजूला लेकरं असतात.

हा भरवसा पाठीवर बसून नाही, खाली उभं राहून कमवावा लागतो. सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून नवा घोडा आणला की लगेच खोगीर टाकू नका.

जवळ जाण्याची रीत : घोड्याला अगदी नाकासमोरचं अन् शेपटीमागचं दिसत नाही. बोलत बोलत खांद्याच्या बाजूनं जा. मानेवर हात फिरवा, खरारा करा.

दोराचं काम : मोरकी लावून चालवा, थांबवा, दोन पावलं मागं सारा. ताण हलका द्या. त्यानं ऐकलं की लगेच दोर ढिला सोडा, हीच त्याची शाबासकी. अंगावर रेलला तर मारू नका, पण मागं सारल्याशिवाय सोडूही नका.

आवाजाची सवय : ढोल आधी लांबून ऐकवा. मान खाली आली, जबडा हलला की समजा निवळला. मगच ढोल जवळ आणा.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. तरीही घोडा बुजत असेल तर सुपारी घेऊ नका. सुपारी परत करता येते, लेकराचा जीव नाही.