एका तारखेचे दोन मानकरी

दिनविशेषांचा मला जुना नाद. आज कोण जन्मले, कोण गेले, हे घरच्यांना ऐकवल्याखेरीज सकाळचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. मंडळी बिचारी निमूटपणे ऐकून घेतात! पण एकदा जुलैअखेर माझ्या नातीनेच मला पेचात टाकले.

"आजोबा, एक ऑगस्टला फळ्यावर दिनविशेष लिहायची पाळी माझी आहे. जागा चारच ओळींची. काय लिहू?"

"त्यात विचारायचे काय? लोकमान्यांची पुण्यतिथी!"

"आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती?"

मी गप्प झालो. वाचकहो, हा योग नुसत्या तारखेचा नाही, सालाचाही आहे. १ ऑगस्ट १९२०, रविवार. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात टिळकांची प्राणज्योत मालवली. भर पावसात लोटलेल्या जनसागराने त्यांना चौपाटीवर अखेरचा निरोप दिला. गांधीजींच्या असहकाराचा आरंभही त्याच दिवशीचा. आणि त्याच तारखेला वाटेगावी, आजच्या सांगली जिल्ह्यात, एका गरीब मातंग घरात अण्णा भाऊ जन्मले. शाळा त्यांच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आली. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, शाहीर झाले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' कादंबरी आली आणि १९६१ साली ते रशियाही पाहून आले.

लहानपणी आम्ही घाटकोपरला राहत होतो. दर एक ऑगस्टला मी शेंगांच्या टरफलांची गोष्ट ठसक्यात सांगून टाळ्या घेई. १९६५ साली तर मला पहिले बक्षीसही मिळाले. त्याच दिवशी, त्याच घाटकोपरात, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या अण्णा भाऊंना पंचेचाळीस वर्षे पुरी होत होती. आमच्या घरात पुस्तकांना तोटा नव्हता. पण त्यांचे नाव कोणी काढल्याचे मला आठवत नाही. १९६९ साली ते गेले. 'फकिरा' मी वाचली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

हे सगळे मी नातीला सांगितले. आणखी एक गोष्टही सांगितली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला होता. पुढे त्याच कामगारांत अण्णा भाऊ वाढले.

संध्याकाळी तिने वहीतला मजकूर दाखवला. दोन ओळी लोकमान्यांच्या, दोन अण्णा भाऊंच्या.

"पुरली की जागा!" ती म्हणाली.

खरेच, जागा पुरत होती. आमच्या वेळी ती कोणी मोजूनच पाहिली नव्हती.