पुण्याने मत दिले नाही, ठेव दिली

निशाणी बहुजन समाज पक्षाचा हत्ती आणि उमेदवाराचे आडनाव कुलकर्णी. 2009 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात हे जुळून आले, तेव्हा सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यांत बोलायला दुसरा विषय उरला नाही. दीपक सखाराम कुलकर्णी, म्हणजे डीएसके, पेठेला नवे नव्हतेच. पेपरातल्या मोठमोठ्या जाहिरातींतून त्यांचा चेहरा घरोघर पोचलेला होता. नवा होता तो पक्ष. दोनच वर्षांपूर्वी मायावतींनी दलित आणि ब्राह्मण मतांची मोट बांधून उत्तर प्रदेश स्वबळावर जिंकला होता. तोच प्रयोग पुण्यात लावून पाहायचा, तर डीएसकेंपेक्षा ओळखीचा माणूस कुठला मिळणार?

त्यांची गोष्ट पुण्याला पाठ होती. जन्म 1950 चा, वडील पोलिसात, बालपण कसबा पेठेत. कॉमर्स शिकलेल्या या मुलाने पहिला धंदा काढला तो टेलिफोन पुसण्याचा. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनाच यातली अक्कल कळेल. कचेरीत एकच काळा, जड फोन. दिवसभर दहा जण त्यात बोलणार, तोंडाजवळच्या जाळीत घाण साचणार, वास येणार. तो रिसीव्हर पुसून स्वच्छ करायचा, त्याला सुगंध द्यायचा आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा जायचे. नाव ‘टेलिस्मेल’. मग रंगकामाची कंत्राटे आणि तिथून बांधकाम. भांडवल नसलेला मराठी मुलगा नुसत्या कल्पनेवर धंदा उभा करतो, हे ऐकून नोकरदार पेठेचा ऊर भरून येई. मला त्या अभिमानात आजही काही वावगे वाटत नाही.

बांधकामात ते उतरले तेव्हा पेठ आतून बदलत होती. वाडे पडत होते. भाडे नियंत्रणामुळे मालकाच्या हाती काही लागत नव्हते, भाडेकरू दोन खोल्या सोडत नव्हते, आणि भावाभावांच्या वाटण्यांत पुढच्या पिढीला मोरीएवढीही जागा उरत नव्हती. ही पिढी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला गेली. धायरीच्या डोंगरउतारावर उभे राहिलेले डीएसके विश्व अशाच कुटुंबांसाठी होते. ‘घराला घरपण देणारी माणसं’ ही त्यांची ओळ लोकांच्या तोंडी बसली, कारण वाडा सोडताना नेमके घरपणच सुटते की काय, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात होती.

पुढे पसारा वाढतच गेला. टोयोटाची एजन्सी आली, फ्रेंच संस्थेच्या सहकार्याने अॅनिमेशनचे कॉलेज आले, ह्योसंगच्या मोटरसायकली आल्या, फुटबॉलचा क्लबही आला. आलिशान गाड्या आणि चतुःशृंगीचा बंगला हा गावात कौतुकाचा विषय होता.

2009 च्या त्या निवडणुकीत मात्र पुण्याने हात आखडता घेतला. काँग्रेसचे सुरेश कलमाडी निवडून आले, भाजपचे अनिल शिरोळे दुसरे आणि मनसेचे रणजित शिरोळे तिसरे. डीएसके चौथे, साठ हजारांच्या थोडी वर मते. कलमाडीही मुळात व्यावसायिकच. हवाई दल सोडून आल्यावर डेक्कनवरच्या पूना कॉफी हाऊसमधून त्यांच्या व्यवसायाची सुरुवात झाली होती. 2011 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या प्रकरणात ते तुरुंगात गेले. त्यातल्या मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ईडीने दिलेला बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने 2025 मध्ये स्वीकारला.

माझ्या मते या गोष्टीत निवडणुकीपेक्षा तिच्यानंतरची आठ वर्षे मोठी आहेत. ज्या शहराने खासदार म्हणून डीएसकेंना नाकारले, त्याच शहराने आपली पुंजी ठेव म्हणून त्यांच्याकडे देणे थांबवले नाही. मत देताना पुणेकराने पक्ष पाहिला, जात पाहिली, निवडून येण्याची शक्यता पाहिली. ठेव ठेवताना फक्त माणूस पाहिला. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेले पैसे, व्याजावर औषधपाणी भागेल या हिशेबाने दिलेले. व्याज बँकेपेक्षा चढे होते हे खरेच, पण केवळ हावेपोटी लोक गेले असे म्हणणे त्या म्हाताऱ्या माणसांवर अन्याय करणारे आहे. ते ओळखीवर गेले.

पावतीवर नाव मात्र नेहमी एकाच कंपनीचे नसे. कुठे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, कुठे घरच्यांची भागीदारी संस्था. कायद्याच्या दृष्टीने या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. ठेवीदाराला वरची तीन अक्षरे दिसली की पुरे.

मे 2016 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डीएसकेंच्या गाडीला भीषण अपघात झाला. चालक गेला, ते स्वतः जबर जखमी झाले. नोव्हेंबरात नोटाबंदी आली. फुरसुंगीच्या ड्रीम सिटी प्रकल्पात अफाट पैसा अडकलेला होता. व्याज थकले, मुद्दल थकले, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने पन्नास कोटी भरण्याची संधी दिली. ते भरले गेले नाहीत. 17 फेब्रुवारी 2018 ला डीएसके आणि त्यांच्या पत्नी हेमंती यांना दिल्लीत अटक झाली. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याखाली दाखल झालेले आरोपपत्र हजारो पानांचे होते, आणि फसवणुकीचा आकडा दोन हजार कोटींच्या वर मांडला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत ऑगस्ट 2022 उजाडला. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, तसा आरोप म्हणजे शिक्षाही नव्हे.

एवढ्या काळात सत्तरीचे ठेवीदार ऐंशीकडे गेले. काही गेलेच. पावत्या मुलांच्या नावावर करायच्या तर वारसाचे कागद हवेत, मूळ प्रत हवी, बँकेचा तपशील हवा. कपाटातल्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये ती पावती अजून जपून ठेवलेली असते, लग्नाच्या फोटोंच्या आणि रेशनकार्डाच्या शेजारी.

स्वारगेटहून धायरीकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बसवर ‘डीएसके विश्व’ ही पाटी आजही असते. संध्याकाळी ती भरून जाते. हातात मंडईच्या पिशव्या धरून माणसे आपापल्या घरी निघालेली असतात.