‘गुरुजी स्वतः किती खेळलेत?’

होटगीसारख्या गावात एखादे गुरुजी शाळा सुटल्यावर पोरांना क्रिकेट शिकवू लागले, की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ निकालही लागतो: मोठा खेळाडूच मोठा प्रशिक्षक होतो, पोरगं घडवायचं तर मुंबईला धाडा. याचा आता राग येतो. कारण हेच लोक पुढच्या वाक्यात आदराने सचिन तेंडुलकरच्या प्रशिक्षकांचं, आचरेकर सरांचं, नाव घेतात.

मग सर स्वतः किती खेळले? १९३२ साली मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर मुंबईत क्लब आणि गिरणीच्या संघांकडून खेळले, पण प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला एकच आला. १९६३-६४च्या मोसमात, स्टेट बँकेकडून, मोईन-उद-दौला स्पर्धेत. या स्पर्धेला तेव्हा प्रथम श्रेणीचा दर्जा होता, म्हणून तो एक तरी मोजायचा. कसोटी नाहीच.

शिकवायला लागते ती नजर आणि चिकाटी. पहिल्या चाचणीत छोटा सचिन बुजला, तेव्हा त्याचे थोरले भाऊ अजित तेंडुलकर यांच्या विनंतीवरून सर लांब जाऊन, आडून त्याची फलंदाजी पाहत राहिले. नुसत्या नेटवर त्यांचा भरवसा नव्हता, सामने खेळवण्यावर होता. ६० दिवसांच्या सुटीत ५५ सराव सामने खेळल्याचं सचिनने आत्मचरित्रात लिहिलं आहे. एका मैदानावर बाद झाला, की सर त्याला स्कूटरवर घालून दुसऱ्या मैदानावर नेत. यातलं काय करायला कसोटी खेळलेलं असावं लागतं? फुटबॉलमध्ये इटलीचे आरिगो साक्की व्यावसायिक सामना कधीच खेळले नाहीत, पूर्वी ते बूट विकत. त्यांच्या मिलान संघाने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला.

‘सरांनी एकटा सचिन घडवला’ हेही चूक. १९८३च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ग्रीनिजचा त्रिफळा उडवणारे बलविंदरसिंग संधू सरांचेच शिष्य, आणि तेव्हा सचिन त्यांच्याकडे आलाही नव्हता. चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर हेही त्यांचेच.

सरावात सर सचिनच्या स्टंपवर रुपया ठेवत, तोही षटकारांसाठी नसे. गोलंदाजाने बाद केलं तर रुपया त्याचा, सचिन शेवटपर्यंत टिकला तर सचिनचा.

आणि शालेय सामन्यातली सचिन आणि विनोद कांबळीची १९८८ची ती ६६४ धावांची भागीदारीही सरांच्या आज्ञेने झाली नाही. सहाय्यक प्रशिक्षक डाव घोषित करा म्हणून खुणावत होते, सचिन-विनोदने तिकडे पाहिलंच नाही.