मुलतानी मातीचा फेसपॅक: घरचा की विकतचा? आणि धंदा करायचा तर कोणता?

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, "ताई, घरी फेसपॅक बनवून विकला तर चालेल का? त्यात आहेच काय, माती आणि गुलाबपाणी!"

हाच विचार मी पण केला होता. दुकान सुरू करून दुसरंच वर्ष होतं. दिवाळीच्या आधी मुलतानी माती, दही, हळद, मध असं कालवून 40 डब्या भरल्या. सुंदर लेबल लावलं, "100 टक्के नैसर्गिक". आठव्या दिवशी एक काकू डबी घेऊन आल्या. झाकण उघडलं तर आत काळी-हिरवी बुरशी. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "अगं, माझ्या मुलीच्या साखरपुड्यासाठी नेली होती." उरलेल्या डब्या मी त्याच दिवशी फेकल्या आणि विकलेल्यांचे पैसे परत केले. पैसे गेले त्याचं काही नाही, पण त्या काकू पुढे सहा महिने दुकानात आल्या नाहीत.

चुकलं कुठे? माती खराब नव्हती. चुकलं ते पाणी. कोरडी माती वर्षभर नीट राहते. तिच्यात पाणी किंवा दही पडलं की जंतू आणि बुरशी वाढायला सुरुवात होते. विकतच्या ट्यूबचं लेबल वाचा. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात. बहुतेक वेळा पहिलं पाणी, मग केओलिन किंवा बेंटोनाइट ही माती, त्वचा ओढली जाऊ नये म्हणून ग्लिसरीन, आणि शेवटी फेनॉक्सिइथेनॉलसारखं प्रिझर्व्हेटिव्ह. आपण "केमिकल" म्हणून नाक मुरडतो, पण ट्यूब महिनोन्महिने टिकते ती त्याच्यामुळेच.

मग वापरायला चांगलं कोणतं?

घरचा पॅक स्वस्त, ताजा आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत. अट एकच, लागेल तेवढाच कालवायचा आणि उरलेला टाकून द्यायचा. माती वस्त्रगाळ हवी, नाहीतर खडे चेहऱ्यावर ओरखडे काढतात. लिंबू पिळू नका. ते त्वचेसाठी फार आंबट आहे, आणि लावून उन्हात गेलं तर डाग पडू शकतात. पॅक पूर्ण कडक होईपर्यंत ठेवायचा नाही, 10-15 मिनिटं पुरे. कोरड्या त्वचेला माती जपूनच. आधी हातावर लावून बघा.

विकतच्यात प्रत्येक वेळी तोच दर्जा मिळतो, प्रवासात सोपं पडतं, टिकतं. पण सुगंधाने कुणाला खाज सुटू शकते, आणि पैसे मातीइतकेच पॅकिंगचे आणि जाहिरातीचे पण जातात.

आता धंद्याचा हिशोब

माझ्या ट्रेनिंगमध्ये एका बचत गटाच्या ताईंनी 100 ग्रॅम कोरड्या पॅकचा खर्च लिहून आणला होता. माती 12 रुपये, संत्रासाल पावडर 8, हळद 1, डबी 14, लेबल 4. एकूण 39. विक्री 99 ला. "म्हणजे 60 रुपये सुटले!"

मी विचारलं, "ताई, तुमची मजुरी?" चाळणं, भरणं, चिकटवणं धरून डबीमागे 15 रुपये. खर्च झाला 54. दुकानदाराला 25 टक्के मार्जिन दिलं की हातात येतात साधारण 74. उरले 20. त्यातून तपासणी, वाहतूक, परत आलेला माल. 60 आणि 20 मध्ये जेवढा फरक, तेवढाच छंद आणि धंदा यांच्यात असतो.

कायद्याचं पण बघा

फेसपॅक म्हणजे कायद्याने सौंदर्यप्रसाधन. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम 2020 त्याला लागू होतात. विक्रीसाठी बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. स्वयंपाकघरात बनवून "घरगुती आहे" म्हटल्याने सूट मिळत नाही. डबीवर घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, वजन आणि एमआरपी हवीच.

स्वतःची जागा आणि यंत्रं परवडत नसतील तर परवानाधारक कारखान्याकडून आपल्या ब्रँडचा माल बनवून घेता येतो. मी आज हेच करते. आणि फक्त कोरडी पावडर, ओलं काही नाही.

माझं मत सांगते. स्वतःसाठी घरचा पॅक, बिनधास्त. विकायचा तर कोरडा, परवान्याचा, आणि मजुरी धरून हिशोब केलेला.

त्या काकू परत आल्या बरं का. आता दर महिन्याला पावडर नेतात. पण डबी घेण्याआधी अजूनही झाकण उघडून वास घेतात. मी काही बोलत नाही. तो त्यांचा हक्क आहे.

आज एवढंच करा: तुमच्या एका वस्तूचा खर्च कागदावर लिहा, आणि मजुरीची ओळ सगळ्यात आधी भरा.