नऊ दाबला की बाहेर

टेलिफोन कंपनीच्या लेखी दोनशे माणसांचं ऑफिस म्हणजे जेमतेम अठरा लाइनी. बाकीचा सगळा संसार ऑफिसातल्याच एका कपाटात चालतो. अमेरिकेत त्याला पीबीएक्स म्हणतात, आपल्याकडे ईपीएबीएक्स. अठराचा आकडा हवेतला नाही. गर्दीच्या तासात प्रत्येकजण सरासरी तीन मिनिटं बाहेर बोलतो असं धरलं, तर एका वेळी सरासरी दहा लाइनी गुंतलेल्या राहतात. अठरा घेतल्या की लाइन न मिळाल्याने अडणारा कॉल शंभरात एखादाच. हा हिशेब करायचं सूत्र आग्नर एरलांग यांनी १९१७ साली मांडलं. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते.

आधी हे काम ऑपरेटर बाई दोऱ्या आणि पिना घेऊन करत. मग आपोआप फिरणारे स्विच आले आणि १९७०च्या दशकात संगणक. काम मात्र तेच राहिलं. कुणी रिसीव्हर उचलला की त्या तारेतून वीज वाहू लागते, ते यंत्राच्या लक्षात येतं आणि ते डायल टोन देतं. आतला नंबर फिरवला तर कॉल आतल्या आत जोडून मोकळं होतं. अमेरिकेत ९ दाबला, आपल्याकडे बहुधा ०, की ते एखादी रिकामी लाइन पकडून तुम्हाला बाहेर सोडतं. सोडण्याआधी एक यादी बघतं: या एक्स्टेन्शनला परदेशी कॉलची मुभा आहे का, की फक्त गावातल्या गावात? एवढाच काय तो पहारा. बाहेरच्या एक्स्चेंजला पलीकडचा माणूस दिसतच नाही. त्याला लाइन दिसते आणि बिल त्या लाइनीवर जातं.

आपल्या ऑफिसांतला जुना पहारा याहून ढोबळ होता. फोनच्या डायललाच इवलंसं कुलूप लावलेलं असे. पण डायल फिरवणं म्हणजे अखेर आकड्याइतक्या वेळा वीजप्रवाह तोडणं, आणि रिसीव्हर ठेवायची खिट्टी टपटप दाबूनही तो तुटतो. कुलूप शाबूत ठेवून नंबर लावणाऱ्या शिपाईदादाला फ्रीकर, म्हणजे फोनच्या जाळ्याला चकवणारा, हा शब्द ठाऊक नसेल, पण विद्या तीच.

अमेरिकेतल्या फ्रीकरांची कीर्ती वेगळ्या कारणाने झाली. एटी अँड टी या मक्तेदार फोन कंपनीच्या लांब पल्ल्याच्या लाइनींवर यंत्रं एकमेकांशी ज्या सुरांत बोलत, ते सूर माणसांच्या बोलण्याच्याच वाटेने जात. २६०० हर्ट्‌झचा सूर म्हणजे ‘लाइन रिकामी आहे’. न्याहारीच्या सीरियलच्या डब्यात मिळणारी खेळण्यातली शिटी नेमका तोच सूर काढत असे; ती फुंकून कंपनीला फसवता येई. ‘एस्क्वायर’ मासिकाने ऑक्टोबर १९७१ मध्ये ही कहाणी छापली आणि गंमत जगजाहीर झाली. पण १९७६पासून कंपनीने यंत्रांच्या खुणा वेगळ्या वाटेने न्यायला सुरुवात केली आणि शिटीचे दिवस भरत आले.

तोवर कपाटाचा मालक बदलला होता. १९६८च्या कार्टरफोन निकालाने फोन कंपनीच्या जाळ्याला दुसऱ्यांची उपकरणं जोडायची वाट मोकळी केली आणि ऑफिसं आपापला बोर्ड, म्हणजे हेच कपाट, विकत घेऊ लागली. बोर्ड आपला झाला. त्याची राखणही आपलीच, हे फार थोड्यांनी मनावर घेतलं.

विक्रेते सोयींची खैरात करत होते. त्यातली सगळ्यात घातक सोय म्हणजे डिसा. फिरतीवरच्या विक्री प्रतिनिधीने कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करायचा, गुप्त आकडा दाबायचा, की ऑफिसचा डायल टोन हजर. मग ९ दाबून जगात कुठेही. यंत्राच्या दृष्टीने तो आता खुर्चीवर बसलेला कर्मचारीच! गुप्त आकडा चार अंकी असेल तर शक्यता दहा हजार. शंभर प्रतिनिधींना शंभर आकडे वाटले असतील, तर सरासरी दर शंभर प्रयत्नांत एक लागणार. संगणकाला मोडेम जोडून ठेवला की हे रातोरात होतं. नंबर टोल-फ्री, म्हणजे चोराच्या प्रयत्नांचा खर्चही कंपनीच्याच माथी.

दुरुस्तीवाल्यासाठी ठेवलेल्या मोडेमचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राही. व्हॉइसमेलमधूनही बाहेर पडता येई. आणि यंत्राची गरजच नसलेली एक युक्ती होती: ऑफिसात फोन करून ‘मी फोन कंपनीतून बोलतोय, लाइन तपासतोय, मला नऊ-शून्यवर ट्रान्सफर करा’ असं सांगायचं. नऊने बाहेरची लाइन मिळते, शून्याने फोन कंपनीची ऑपरेटर. पुढे तिने जोडून दिलेला कॉल ऑफिसच्या खात्यावर. याच युक्तीबद्दलच्या इशाऱ्याच्या ई-मेल पुढे घरोघरी फिरल्या. घरच्या साध्या फोनवर ती चालत नाही, हे त्यांत नसायचं.

चोरलेले आकडे लवकरच विकाऊ झाले. न्यूयॉर्कच्या फुटपाथवरच्या सार्वजनिक फोनपाशी उभे राहून दलाल परदेशी कॉल स्वस्तात लावून देत. गिऱ्हाइकं बहुतेक मायदेशी बोलू पाहणारे स्थलांतरित. फ्रीकरांची जी रोमँटिक प्रतिमा आपण वाचत आलो, ती मला इथून पुढे पटत नाही. शिटीवाल्याने निदान अवाढव्य मक्तेदार कंपनीला फसवलं होतं. इथे भुर्दंड मात्र बोर्डाच्या मालकाला, मग तो कितीही छोटा असो. १९९३मध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायालयाने जिफी ल्यूब या मोटारींचं ऑइल बदलणाऱ्या कंपनीच्या खटल्यात हेच धरलं: कॉल तुमच्या यंत्रातून गेले, पैसे तुम्ही भरा.

२००९च्या जून महिन्यात न्यू जर्सीत दाखल झालेल्या आरोपपत्रात अडीच हजारांहून अधिक बोर्ड फोडल्याचा, त्यांतून एक कोटी वीस लाख मिनिटांचे, साडेपाच कोटी डॉलरहून अधिक किमतीचे कॉल गेल्याचा आरोप होता. बोर्ड फोडणारे फिलिपीन्समधले, आणि त्यांच्याकडून गुप्त आकडे विकत घेऊन कॉल विकणारे इटलीत.

आता कपाटाची जागा इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरने घेतली आहे. त्यात १०१ नंबरच्या एक्स्टेन्शनचा पासवर्डही १०१ ठेवणारे महाभाग सापडतात, आणि ते शोधत दिवसरात्र फिरणारे प्रोग्रॅमही. परदेशी कॉल विकण्याची दगदगही आता लागत नाही: महागड्या दराचे परदेशी नंबर घ्यायचे, फोडलेल्या बोर्डातून त्यांवरच कॉल लावायचे आणि मिनिटामागे आपला हिस्सा उचलायचा. मुहूर्त ठरलेला, शुक्रवारची रात्र. ऑफिस सोमवारी उघडतं.